मॅटाडोर घ्यायची, पण कोणाच्या नावावर?

जुनी गाडी घेऊन तिची दुरुस्ती करावी काय, हा प्रश्न या उन्हाळ्यात आम्हाला तीन ठिकाणी विचारला गेला. एकदा बडनेऱ्यात, एकदा मूर्तिजापूरच्या एका लग्नमंडपात आणि एकदा अकोल्यात विहाराच्या बैठकीत. पहिल्या दोन ठिकाणी आम्ही हसून वेळ मारून नेली. अकोल्याला मात्र तसे करता आले नाही, कारण तिथे गाडीसाठी बचत गटाच्या बायांचा पैसा निघणार होता.

आधी ही हौस कुठून आली ते सांगितले पाहिजे. आजची पोरे मोबाईलवर पाहतात, की परदेशातली माणसे चाळीस-पन्नास वर्षांची फोक्सवॅगन व्हॅन शोधून विकत घेतात, तिचा गंज काढतात, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवतात आणि तिच्यातच मुक्काम करत देश पाहतात. तिला कॅम्पर व्हॅन म्हणतात. १९६०-७० च्या काळात अशाच गाड्यांतून युरोपची तरुण मंडळी तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडून आपल्या देशात येत असत. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. पैसेवाल्यांनी फिरावे, आमची हरकत नाही.

पण अकोल्याच्या ज्या पोराने आम्हाला गाठले, त्याच्या डोक्यात सहल नव्हती. तो गॅरेजमध्ये कामाला आहे, वय सव्वीस, आणि सणावाराला पुस्तकांचा स्टॉल लावतो. नागपूरला दीक्षाभूमी, मुंबईला चैत्यभूमी, अकोल्याचा धम्ममेळावा, जिल्ह्यातल्या जयंत्या. पुस्तकांची खोकी रेल्वेच्या डब्यात चढवायची, रात्री त्याच खोक्यांवर फुटपाथवर झोपायचे आणि पाऊस आला की अंगावरची चादर पुस्तकांवर टाकायची. तो म्हणाला, "काकाजी, अमरावतीले एक मॅटाडोर उभी हाय. पुस्तकं बी तिच्यातच, झोपणं बी तिच्यातच. अन् नागपूरले वस्तीतले चौदा-पंधरा जणं बी नेता येतील. सस्ती हाय, मले तं वाट्टे घेऊनच टाकाव."

मॅटाडोर हे नाव काढताच बैठकीतली वडीलधारी मंडळी खुलली. आपल्याकडे ही गाडी कोणाला माहीत नाही? पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मनीच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने ती काढली. त्या बजाज टेम्पोचे नाव २००५ पासून फोर्स मोटर्स झाले. मॅटाडोर बंद होऊनही आता बराच काळ लोटला. पण आपल्या भागात कोणत्याही बंद डब्याच्या गाडीला लोक मॅटाडोरच म्हणत. तिच्या इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना जातो, म्हणून खालून लांब शाफ्ट जात नाही आणि आतली जमीन सपाट व बुटकी राहते. दूधवाले, शाळावाले, बँडवाले, लग्नवाले सगळ्यांना ती त्यामुळेच सोयीची पडली. त्याच कुळातल्या व्हॅनवर तिकडे युरोपात लोकांनी राहण्याच्या गाड्या बांधल्या. म्हणजे पोराची नजर चुकीच्या गाडीवर गेली होती असे म्हणता येत नाही.

काही सुशिक्षित बांधव बैठकीत म्हणाले, की आपल्या लोकांना गाडीचे वेड कशाला, रेल्वे आहे, एसटी आहे. आम्हाला हे बोलणे पटले नाही. गाडीचा प्रश्न आपल्यासाठी कधीच नुसत्या हौसेचा नव्हता. बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे असताना, १९०१ साली, भावंडांसोबत वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनावर उतरल्यावर ही महाराची पोरे आहेत असे कळताच एकही गाडीवान दुप्पट भाड्यावरदेखील तयार होईना. शेवटी एक जण तयार झाला, पण अट अशी, की पोरांनी स्वतः बैल हाकायचे आणि तो बाजूने पायी चालणार. पुढे १९२९ साली, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले बाबासाहेब चाळीसगावला उतरले, तेव्हाही टांगेवाला त्यांना बसवून न्यायला तयार नव्हता. वस्तीतल्या लोकांनी पाहुण्यांना पायी कसे न्यायचे म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. त्याला हाकण्याची सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

या प्रसंगातली एक गोष्ट आमच्या मनात घर करून आहे. लोकांचे प्रेम होते, मानही होता. वाहनही मिळाले होते. कमी पडले ते हाकण्याचे कसब. तेव्हा गाडी जरूर घ्या, पण ती जाणणारा माणूस आधी शोधा.

आपल्या अमरावती-अकोल्याच्या मातीतल्या गाडगेबाबांचेही उदाहरण घ्या. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढलेला हा माणूस. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. आयुष्यभर ते गावोगाव हिंडले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी देह ठेवला, तोही अमरावतीच्या वाटेवर, गाडीतच. फिरता संसार ही कल्पना आपल्या भागाला नवी नाही.

असो. एका रविवारी आम्ही पाच जण ती गाडी पाहायला अमरावतीला गेलो. सोबत एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेले एक मिस्त्री होते. रस्ता आता उत्तम आहे. जून २०२२ मध्ये अकोला-अमरावती दरम्यान ७५ किलोमीटर डांबराचा थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून गिनीजमध्ये नोंद झाली, तोच हा रस्ता. पूर्वी या मार्गाने जाताना गाडीचे पाटे आणि माणसाच्या पाठीचे मणके एकदमच कुरकुरत.

मिस्त्रींनी गाडी कशी पाहिली ते आम्ही मुद्दाम सविस्तर देत आहोत, कारण जुनी रिक्षा, पिकअप, जीप घेणाऱ्या प्रत्येक घराला त्याचा उपयोग आहे.

त्यांनी विकणाऱ्याला आदल्या दिवशीच निरोप दिला होता, की आम्ही येण्याआधी इंजिन सुरू करू नका. तरी गेल्यावर त्यांनी आधी बॉनेटवर हात ठेवला. ते गरम लागले. मिस्त्री काही बोलले नाहीत, चहा मागवला आणि दीड तास गप्पा मारत बसले. गाडी थंड झाल्यावर मग म्हणाले, आता मारा. थंड डिझेल इंजिन किती झटक्यांत उठते, यावरच त्याची खरी ताकद कळते. आधी गरम करून ठेवलेले इंजिन म्हाताऱ्याच्या केसांना लावलेल्या कलपासारखे असते. धुराचेही त्यांनी आम्हाला समजावले. काळा धूर असेल तर पंप-नोझलचे काम, निळसर असेल तर इंजिन ऑइल खाते आहे, आणि गरम झाल्यावरही पांढरा धूर निघत राहिला तर पाणी आत शिरते आहे. ऑइलचे झाकण उघडून आत दुधाळ चहासारखा थर दिसला, तर पुढे बोलूच नये.

नंतर त्यांनी खिशातून लोहचुंबक काढले, रेडिओच्या जुन्या स्पीकरमधले. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरचे गोल, पायरी, खालची पट्टी, सगळीकडे ते लावत गेले. पत्रा असेल तिथे चिकटते, पुट्टी भरून रंग दिला असेल तिथे घसरते. डाव्या बाजूला दाराखाली हातभर जागेत ते चिकटलेच नाही. वरून मात्र रंग असा चकाकत होता, की आमच्यातल्या एकाने आरसा म्हणून केस सारखे केले! मग सतरंजी टाकून मिस्त्री गाडीखाली शिरले. चासीला एका ठिकाणी जोड होता, पण जुना आणि पक्का. पुढच्या चाकांचे जॉइंट मात्र आवाज करत होते, आणि मॅटाडोरचा सगळा जोर पुढच्याच चाकांवर असल्याने तिथे काटकसर चालत नाही. बाहेर येऊन हात पुसत ते म्हणाले, "पोट्टी वाईट नाही, पण लय उपाशी ठेवली हाय."

गाडीची किंमत सांगितली होती ८० हजार. मिस्त्रींनी तोंडी अंदाज दिला. इंजिन व जॉइंट ६० हजार, पत्रा-वेल्डिंग-रंग ४५, पाच टायर २५, बॅटरी आणि सगळी वायरिंग नवी १५, कागदपत्रे व विमा २५. बेरीज अडीच लाख. वायरिंगवर त्यांनी जोर दिला. जुन्या गाडीत बहुतेक आगी तिथूनच लागतात आणि आत माणूस झोपणार असेल तर हयगय करूच नये. पोराच्या मनात मागच्या बाजूला घरचे सिलिंडर आणि शेगडी ठेवायचे होते. त्याला मिस्त्रींनी तिथल्या तिथे झापले. बंद डब्यात रात्री शेगडी पेटली तर विषारी वायू साठतो, त्याला वासही नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. स्वयंपाक बाहेर, उघड्यावर. हा मुद्दा मिटला.

आता कागद. आम्ही कारकुनी पेशातले असल्याने आमचे लक्ष इंजिनापेक्षा आर. सी. बुकाकडे जास्त. पाहतो तो त्यात दोन गोष्टी निघाल्या.

पहिली, ज्यांच्या नावावर गाडी आहे ते गृहस्थ वारले आहेत. विकणारा हा त्यांचा मुलगा. एकूण वारस चार. मालक वारला तर आधी वारसाच्या नावावर गाडी चढते, त्यासाठी ३१ नंबरचा फॉर्म आहे, बाकी वारसांची संमती लागते, आणि मगच २९ व ३० नंबरच्या फॉर्मवर ती पुढे विकता येते. "सह्या होऊन जातील, तुम्ही गाडी तर न्या," असे विकणारा म्हणत होता. वाचकहो, हे वाक्य जिथे ऐकाल तिथून उठून या. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे, की अपघात झाला तर आर. टी. ओ.च्या दप्तरात ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल, मग गाडी पाच हातांतून का फिरलेली असेना. म्हणजे विकणाऱ्यालाही धोका आहे. आपल्या कितीतरी घरांतल्या दुचाक्या अशाच नुसत्या कोऱ्या फॉर्मवरच्या सहीने फिरत आहेत.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. गाडीची नोंद मालवाहू म्हणून होती. बसण्याची जागा ड्रायव्हरसह ३. आणि मंडळाचा बेत होता मागे चौदा-पंधरा जणांना घेऊन नागपूरला जाण्याचा.

इथे आम्हाला थोडे कडक लिहावे लागते. ट्रक, पिकअप, मेटाडोर भरभरून आपली माणसे दीक्षाभूमीला गेली, आजही जातात. लेकुरवाळ्या बाया, म्हातारी माणसे उभ्याने जातात. श्रद्धा मोठी आहे. पण मालवाहू गाडीत मागे बसलेल्या माणसाचा विमा नसतो. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला आहे, की अशा प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. गाडी उलटली तर भरपाई मालकाने द्यायची, आणि मालक कोण, तर गॅरेजमध्ये राबणारा एक पोरगा! खासगी नोंदीच्या गाडीत डोईमागे पैसे घेऊन माणसे नेली तरी तोच घोटाळा. आपण त्याला वर्गणी म्हणतो, कायदा त्याला भाडे म्हणतो.

मग आतून बदल करून तिला राहण्याची गाडी बनवायची काय? मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे, की आर. सी. बुकात लिहिलेल्या गोष्टींपेक्षा गाडी वेगळी दिसेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकास ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. खिडक्या कापायच्या, सीटा बसवायच्या, छत उंच करायचे असेल तर आधी आर. टी. ओ. त लेखी विचारा. "विंटेज" म्हणून सूट मिळेल, असे कोणी सांगितले तर तेही ऐकू नका. २०२१ च्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणजे ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी. तिच्या नव्या नोंदणीची फी २० हजार आणि ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. शिवाय जुन्या गाडीचा सरकारी खर्च वाढतोच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या खासगी हलक्या मोटारीची नोंदणी नव्याने करण्याची फी ५ हजारांवरून १० हजार झाली. मालवाहू असेल तर दरवर्षी फिटनेस आलाच. सरकारी खात्यांच्या लिलावातली जीप-रुग्णवाहिका घेऊन चालवू म्हणणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे, की १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालत नाही. त्या भंगारातच जातात.

हे सगळे आम्ही विहारात वाचून दाखवले तेव्हा पोरगा हिरमुसला. त्याची माय मागे भिंतीला टेकून बसली होती. तिनेच विचारले, "मंग गाडी घ्याची कोनाच्या नावावर, अन् पैसा कोनाचा, हे तं सांगा."

खरा प्रश्न हाच होता. विहाराचे शिल्लक ४० हजार, महिला बचत गटाचे ९० हजार आणि पोराचे स्वतःचे ७० हजार, अशी दोन लाखांची जुळवाजुळव कागदावर झाली होती. अडीच लाखांना ती पुरत नव्हती, ते वेगळेच. विहाराचे मंडळ नोंदणीकृत नाही, त्यामुळे त्याच्या नावावर गाडी होत नाही. बचत गटाचा पैसा म्हणजे कोणाची धुण्याभांड्याची मजुरी, कोणाचे शिलाई मशीन, एका बाईने मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले. सगळ्यांच्या पैशाने घेतलेली गाडी एकाच्या नावावर चढली, की दोन वर्षांत भांडण ठरलेले. पोरगा प्रामाणिक आहे, आमची खात्री आहे. पण उद्या त्याला काही झाले तर त्याचे वारस येतील, आणि वारसांच्या सह्यांचे काय होते ते आम्ही नुकतेच अमरावतीला पाहून आलो होतो.

अमेरिकेत काळ्या लोकांनी हा प्रश्न कसा सोडवला, ते आम्ही तिथे सांगितले. १९५५ च्या डिसेंबरात माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांना बसमधली जागा सोडली नाही म्हणून अटक झाली आणि लोकांनी सिटी बसवर बहिष्कार टाकला. ३८१ दिवस. रोज हजारो मजूर, मोलकरणी कामावर न्यायच्या कशा? लोकांनी आपापल्या गाड्या काढल्या, आणि पुढे देणग्यांतून मोठ्या स्टेशन वॅगन घेतल्या गेल्या. त्या कोणा पुढाऱ्याच्या नावावर न घेता चर्चच्या नावावर घेतल्या. विरोधकांनी मग विम्यावर घाव घातला. कंपन्यांनी पॉलिसी रद्द केल्या. शेवटी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मंडळींनी लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला, पण विम्याशिवाय गाड्या चालवल्या नाहीत. एवढ्या मोठ्या लढ्यात त्या लोकांनी कागद नीट ठेवले.

एका तरुणाने विचारले, मग आपणही मंडळ रजिस्टर करून घ्यावे काय? जरूर घ्यावे, गाडी असो वा नसो. पण गाडी आमच्या मते मंडळाची असू नये. मागच्या वर्षी तीन प्रवासांच्या भाड्याला मंडळाच्या वहीत ३८ हजार खर्च आहे. अडीच लाख त्याच वेगाने वसूल व्हायला साडेसहा वर्षे लागतील, त्यात डिझेल नाही, ड्रायव्हर नाही, टायर नाही. नुसत्या प्रवासासाठी ती परवडत नाही. परवडेल ती पोराच्या धंद्याला. पुस्तके, मूर्ती, पंचशील ध्वज, दिनदर्शिका घेऊन तो वर्षाचे कितीतरी दिवस बाहेर असतो, आणि त्या मालाची भिजून दरवर्षी नासाडी होते.

मग मिस्त्रींनीच तोड सुचवली. गाडी मालवाहू आहे ना, तर मालवाहूच राहू द्या. मागे पुस्तकांची लोखंडी खोकी सारख्या उंचीची करून घ्यायची, रात्री गाडी उभी केली की त्यांवर फळ्या आणि गाद्या टाकायच्या. दोघे-तिघे आरामात झोपतील. काही कापायचे नाही, काही बसवायचे नाही, आर. सी. बुकाला धक्का नाही. चालताना पुढे तिघेच. बाकी वस्तीने रेल्वेने जावे आणि आपले सामान गाडीत द्यावे. पोराकडे हलक्या वाहनाचा परवाना आहे. तोच हलक्या मालवाहू गाडीलाही चालतो, हे नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पक्के झाले आहे.

गटाच्या बायांनी दोन दिवस मागून घेतले. त्यांचा निर्णय असा झाला: विहाराच्या पैशाला हात लावायचा नाही. गटाने ४० हजार द्यायचे, पण वर्गणी म्हणून नाही, पोराच्या मायच्या नावाने कर्ज म्हणून. ती गटाची सभासद आहे, जे व्याज बाकी बायांना तेच तिला, आणि हप्ता पहिल्या महिन्यापासून. नर्सिंगच्या फीचे पैसे वेगळे काढून ठेवले. गाडी पोराच्या नावावर, कर्ज मायच्या, आणि उरलेले काम पोराने एकदम न करता टप्प्याने करायचे. आधी जॉइंट, ब्रेक, वायरिंग. रंग सगळ्यांत शेवटी. रंग शेवटी म्हटल्यावर त्याचा चेहरा पुन्हा उतरला, कारण त्याने गाडीवर निळा रंग आणि अशोकचक्र कुठे काढायचे तेही वहीत काढून ठेवले होते.

तीन वारसांच्या सह्या झाल्या आहेत. चौथा सुरतला असतो, दिवाळीच्या सुटीत येईल म्हणतात. विकणारा दहा हजार इसार मागतो आहे. तो सही होईपर्यंत द्यायचा नाही, असे ठरले आहे.